हवा काढणाऱ्या सिस्टर

सिस्टरांना कुणी काकू म्हटलं की त्या शांतपणे मागे वळून बघायच्या. मागे अर्थातच कुणी नसायचं. मग समोरच्याला म्हणायच्या, "कुणाला हाक मारलीत? इथे तर मी एकटीच आहे." एवढं झाल्यावर पुन्हा काकू म्हणायची कुणाची छाती होत नसे. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. भाजीवाला, पोस्टमन, समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राचार्य, सगळे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात काढली होती आणि निवृत्त झाल्या त्या केवळ सरकारी कागदावर.

हडपसरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी साडेचार वर्षं राहिले. परभणीहून पुण्यात नोकरीला आलेली, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी मुलगी, एवढीच माझी ओळख होती. खोली दाखवताना सिस्टरांनी मला तीनच प्रश्न विचारले. "झोपेत चालतेस का? पंखा चालू ठेवून बाहेर जातेस का? रडण्याची सवय आहे का?" तिन्हींना मी नाही म्हटलं. तिसरं उत्तर खरं नव्हतं.

पहिल्याच रविवारी सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात उतरले आणि जागीच थबकले. सिस्टर पांढरा एप्रन आणि हातमोजे घालून स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर ट्रे. ट्रेमध्ये दोन मोठ्या सिरिंजा, त्यांत काहीतरी लालसर भरलेलं. समोर स्टँडवर पुढचं चाक काढलेली सायकल. सायकलच्या हँडलखाली पारदर्शक नळी लावलेली आणि सिस्टर एकटक त्या नळीकडे बघत सिरिंज हळूहळू दाबत होत्या.

"काय बघतेस?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "पेशंट शुद्धीवर आहे. घाबरू नकोस."

ती सायकल त्यांनी निवृत्तीनंतर घेतली होती. लग्न केलेलं नव्हतं, कारण विचारलं तर "ड्यूटी होती" एवढंच सांगत. सोनं त्यांना आवडत नसे, तीर्थयात्रा तर त्याहून नाही. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी घाटात चालवायची सायकल घेतली, तीही तारेच्या ब्रेकची नाही, तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची. भाचीने धायरीहून फोन करून विचारलं होतं, "मावशी, या वयात?" त्यावर सिस्टर म्हणाल्या होत्या, "मग पुढच्या वयात घेऊ का?"

दर रविवारी उजाडता उजाडता त्या निघत. कोंढव्यावरून बोपदेव घाट चढायचा, वर पाच मिनिटं थांबायचं, दोन खजूर खायचे आणि उतरायचं. चढताना त्यांना सगळे मागे टाकत. एकदा मीही जुनी सायकल घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा रंगीत हेल्मेटवाल्या पोरांचा एक घोळका आम्हाला ओलांडून गेला. त्यातला एकजण ओरडला, "आंटी, यू आर टू गुड! पण ई-बाइक घ्या ना, कशाला एवढा त्रास?" सिस्टर धापा टाकत म्हणाल्या, "आणि पाय काय घरी ठेवून येऊ?" पण उतारावर तीच पोरं मागे पडली. उतारावर सिस्टर वेगळ्याच असत. पाठ ताठ, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर आणि चेहऱ्यावर इतकी शांतता, की त्या वयाच्या वाटतच नसत.

ब्रेकचं काम त्या घरीच का करत याचीही एक गोष्ट होती. पहिल्या वर्षी त्यांनी सायकल एका दुकानात दिली. तिथल्या माणसाने हाताला लागेल त्या बाटलीतलं तेल भरलं. या ब्रेकना एक तर एका प्रकारचं तेल लागतं, नाहीतर दुसऱ्या प्रकारचं; चुकीचं घातलं की आतली रबरं फुगून बसतात. तशी ती फुगली. सिस्टर दुकानात गेल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारत्या झाल्या, "अहो, रक्तगट न बघता तुम्ही रक्तही चढवता का?" त्या दिवसापासून सायकल दुकानाची पायरी चढली नाही.

सिरिंजा मात्र त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेत. नवा मुलगा काउंटरवर असला तर बिचकून विचारी, "कुणाला द्यायचंय इंजेक्शन?"

"सायकलला."

"प्रिस्क्रिप्शन आहे?"

"तिनेच दिलंय. तोंडी."

मला त्यांनी हे काम शिकवलं ते पहिल्या पावसाळ्यानंतर. मी वाळत घातलेले कपडे काढत होते. त्या म्हणाल्या, "इकडे ये. तुझे डोळे तरुण आहेत. ही नळी बघ आणि बुडबुडा दिसला की सांग." मग त्यांनी समजावलं. "यात तार नाही, तेल आहे. इकडे बोटाने दाबलं की तिकडे चाक धरलं जातं. तेल दबत नाही म्हणून हे चालतं. पण हवा दबते. मध्ये एवढासा बुडबुडा राहिला, की तू ब्रेक दाबत बसतेस आणि दबतो तो बुडबुडा. चाकाला काही कळतच नाही."

वर हँडलपाशी छोटं फनेल लावायचं, खाली चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्याला सिरिंज जोडायची आणि खालून तेल वर ढकलायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी फनेलमध्ये येते. सांगायला एवढंच. पण काही बुडबुडे कोपऱ्यात दडून बसतात. त्यांच्यासाठी सिस्टर कात्रीच्या मुठीने नळीवर खालून वर टकटक करत जात, सायकल तिरकी करत, थांबत, पुन्हा करत. शेवटचा बुडबुडा आल्यावरही दहा मिनिटं वाट बघत. तेलाचा थेंब ब्रेकच्या पॅडवर उडाला तर ते पॅड सरळ कचऱ्यात टाकत. मी एकदा म्हटलं, "पुसून चालणार नाही का?" तर माझ्याकडे असं काही बघितलं, जणू मी जमिनीवर पडलेली सुई पुसून वापरायला निघाले होते.

काम संपलं की त्या ब्रेक दाबून धरत आणि मनात दहा आकडे मोजत. डोळे मिटलेले. हँडलवरचा तो लिव्हर दगडासारखा घट्ट लागला की म्हणत, "नाडी चांगली आहे."

गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शन द्यायचं कामही त्यांच्याकडेच होतं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी लागे, त्याशिवाय त्या सिरिंज हातात घेत नसत. दोन घरं सोडून एक आजोबा राहत, मूळचे हडपसर गावातले, शेती प्लॉटांखाली गेलेले. त्यांना दर पंधरा दिवसांनी दंडात इंजेक्शन लागे. आजोबा सुईला जाम घाबरत. सिस्टरांशिवाय दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी आम्ही नेहमीसारखं काम करत होतो. खाली मी सिरिंज दाबत होते, वर त्या फनेल धरून उभ्या होत्या. बुडबुडे बघायला मी वर नजर टाकली, तर फनेलमधल्या तेलावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. वारा नव्हता. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता, जपमाळ ओढावी तसा. त्यांनी माझी नजर पकडली.

"कंपवात," त्या म्हणाल्या. "तपासून घेतलाय. सुरुवात आहे. कुणाला सांगायचं नाही."

"भाचीला?"

"ती कुणी नाही का?"

त्यानंतर सिरिंज, फनेल, पाने-पकडी, सगळं माझ्याकडे आलं. त्या स्टुलावर बसून फक्त बघत. इंजेक्शन मात्र अजून देत. टोचायच्या आधी हात टेबलाच्या कडेला टेकवत आणि त्या क्षणापुरता तो स्थिर होई. मला त्या म्हणाल्या होत्या, "कामाला लागला की ऐकतो. रिकामा असला की नाचतो."

आता जे सांगायचं आहे ते एक माणूस सोडून मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो शनिवार होता. आमचं एक मोठं काम सोमवारी ग्राहकाच्या हाती द्यायचं होतं आणि माझा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता. सिस्टरांच्या सायकलच्या पुढच्या ब्रेकची हवा काढायची होती. त्या दिवशी नेमक्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, जाताना म्हणाल्या, "तू कर. आता तुला माझी गरज नाही." मला केवढा अभिमान वाटला. मी एका कानाला फोन लावून काम केलं. टकटक केली, पण वरवर. सायकल तिरकी केली नाही. नळ्या काढून झाकणं लावली आणि लिव्हर दाबला तर तो किंचित मऊ लागला. अगदी किंचित. मी भराभर आठ-दहा वेळा दाबला, तसा तो घट्ट झाला. असा घट्ट झालेला लिव्हर थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडतो, हे सिस्टरांनी मला शिकवलं होतं. फोनवर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. मी चाक बसवलं, हात धुतले आणि वर गेले.

संध्याकाळी सिस्टरांनी विचारलं, "सगळी निघाली?"

"हो," मी म्हटलं. "एकही बुडबुडा नाही."

रविवारी सकाळी साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. घाटात भेटणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचा होता. "तुमच्या आंटी पडल्यात. शुद्धीवर आहेत. तुमचाच नंबर दिला त्यांनी." उतरताना एका वळणावर पुढचा ब्रेक लागलाच नाही. मागच्या एकट्याने वेग आवरेना, तेव्हा त्यांनी दरीच्या बाजूला जाण्याऐवजी सायकल मुद्दाम डोंगराकडच्या गटारात घातली होती. डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. पोरांनी त्यांना गाडीत घालून इस्पितळात आणलं, तेव्हा वाटेत सिस्टर त्यांना आपला पाय कसा धरायचा ते शिकवत होत्या.

शस्त्रक्रिया दुपारी ठरली. भाची आणि तिचा नवरा धायरीहून यायला निघाले होते. कपडे आणि कागदपत्रं आणायला मी घरी आले, तोवर पोरांनी सायकल अंगणात आणून ठेवली होती. मी पुढचा लिव्हर दाबला. तो सरळ हँडलला जाऊन टेकला.

मी एप्रन घातला नाही, मोजे घातले नाहीत. फनेल लावलं, सिरिंज भरली आणि काम करायला बसले. नळीवर खालून वर टकटक केली. सायकल तिरकी केली, थांबले, पुन्हा केली. बुडबुडे एकामागून एक वर येत होते. एक तर ज्वारीच्या दाण्याएवढा होता. मी काय करते आहे असं मला कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. पुरावा पुसायचा असं मनात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पुरावा पुसला गेला.

संध्याकाळी भाचीच्या नवऱ्याने अंगणात सायकल तपासली. वाहनांतलं त्यांना कळत असे. दोन्ही ब्रेक दाबून बघितले आणि म्हणाले, "ब्रेक तर ठणठणीत आहेत." दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी सिस्टरांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटांचा कंप बघितला आणि भाचीला विचारलं, "हे कधीपासून आहे? या हाताने त्या ब्रेक कशा धरत होत्या?" पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. झालं, सगळ्यांना उत्तर मिळालं. भाची रडली, मावशीवर रागावली, लपवलं म्हणून. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. सिस्टर कुणाशीच वाद घालत नव्हत्या. नुसत्या आपल्या हाताकडे बघत होत्या.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी पाण्याची बाटली भरून आणायला गेले.

पुढचं सगळं फार साध्या पावलांनी झालं. सिस्टर धायरीला भाचीकडे राहायला गेल्या. सायकल त्या घाटातल्या पोरांपैकी एकाला देऊन टाकली. आजोबांच्या सुनेला सिस्टरांचा निरोप गेला, की इंजेक्शनसाठी दुसरी सोय बघा, माझा हात आता भरवशाचा नाही. हडपसरच्या घराचा खालचा भाग एका कुटुंबाला राहायला दिला गेला. मी वरच राहत होते आणि दर रविवारी धायरीला जात होते. सिस्टर वॉकर धरून चालायला लागल्या. डॉक्टरांना आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. पण उजवा हात त्यांनी वापरायचाच सोडून दिला. चमचा डाव्या हाताने, कंगवा डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली ठेवत, एखाद्या अपराध्याला कोठडीत ठेवावं तसा. भाची सांगे, "मावशी, डॉक्टर म्हणतात वापरा, व्यायाम करा." त्यावर म्हणत, "ज्याने ऐन वेळी दगा दिला त्याला व्यायाम कसला?"

आठ महिने मी हे ऐकत होते.

शेवटी बोलले ती काही मोठी हिंमत नव्हती. एका दुपारी भाची बाहेर गेली होती आणि सिस्टर डाव्या हाताने ब्लाउजचं बटण लावायचा प्रयत्न करत होत्या. ते लागेना. मी लावायला पुढे झाले, तशी त्यांनी मान फिरवली, मला चेहरा दिसू नये म्हणून. मला एकदम सहन होईना. मी बटण लावता लावताच सगळं सांगितलं. फोन, मऊ लिव्हर, भराभर दाबणं, संध्याकाळचं खोटं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत काढलेली हवा.

सिस्टरांनी विचारलं, "केवढा होता?"

"काय?"

"बुडबुडा."

"ज्वारीच्या दाण्याएवढा. आणखीही होते."

त्यांनी मान हलवली, एखाद्या पेशंटचा रिपोर्ट ऐकावा तशी. मग म्हणाल्या, "निघताना मी अंगणात लिव्हर दाबून बघितला होता. मऊ लागला मला."

"मग तुम्ही गेलात कशाला?" मी जवळजवळ ओरडले.

"तू सगळी निघाली म्हणाली होतीस. मला वाटलं, माझाच हात मऊ पडलाय."

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "पडल्याचं मला काही नाही. हाडं मोडतात, जुळतात. तू त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि आपल्या घरी परत गेले असते. आठ महिने मी याला दोष देत बसले." आणि त्यांनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहिल्या. तो थरथरत होता. पूर्वी नुसता अंगठा घासायचा. आता मनगटापासून सगळाच.

"आजोबांचं इंजेक्शन कधी असतं?" त्यांनी विचारलं.

पुढच्याच रविवारी मी त्यांना रिक्षाने हडपसरला घेऊन गेले. स्वतःच्या घरावरून रिक्षा गेली, तरी त्यांनी मान वळवली नाही. आजोबांकडे अंगणात बाज टाकलेली होती. सिस्टरांना बघून म्हातारा उठून उभाच राहिला. "आलात व्हय! त्यो दवाखान्यातला कंपाउंडर लई दुखीवतोय बघा, सिस्टर. माजं तुमच्याबिगर चालत न्हाई."

सून गरम पाणी आणि टेबल घेऊन आली. सिस्टरांनी हात धुतले. मोजे घालायला मी मदत केली. सिरिंज भरताना औषधाच्या बाटलीवर सुई दोन-तीनदा वाजली, पण भरली गेली. आजोबांनी बंडीची बाही वर सरकवली, तोंड पलीकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. सिस्टरांनी स्पिरिटच्या कापसाने दंड पुसला. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. आम्ही सगळे थांबलो.

हात थांबला नाही. त्यांनी टेबल बदलून बाजेच्या दांडीवर मनगट टेकवून बघितलं. मग डाव्या हाताने उजवा धरून बघितला. सुईचं टोक आजोबांच्या दंडापासून वीतभर अंतरावर नाचत होतं आणि सिस्टर त्याच्याकडे रागाने नाही, काकुळतीने बघत होत्या. मी पुढे पाऊल टाकलं, तर त्यांनी नुसत्या नजरेने मला मागे सारलं.

मग त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आवाज होऊ न देता. आजोबांच्या दंडावर दोन बोटांनी हलका चिमटा काढला, कापूस दाबला आणि म्हणाल्या, "झालं. धरून ठेवा."

आजोबांनी एक डोळा उघडला. "झालं बी? काय म्हंजे काय कळलं न्हाई बघा. ह्याला म्हंत्यात हात!"

सिस्टर हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पुढे दीड वर्षाने, मागच्या थंडीत, धायरीलाच त्या वारल्या. तोवर मी दर रविवारी जात होते, पण या विषयावर आम्ही दोघी एक अक्षरही बोललो नाही.

त्या दिवशी निघताना दारात त्यांनी आजोबांच्या सुनेला बाजूला घेतलं. "औषध गेलेलं नाही," हळू आवाजात म्हणाल्या. "आजच संध्याकाळी दवाखान्यात ने आणि टोचून घे. शक्तीचं वेगळं इंजेक्शन आहे म्हणून सांग त्यांना."

सुनेने डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. बाजेवरून आजोबा विचारत होते, "सिस्टर, पंधरा दिसांनी येताय न्हवं?"

सिस्टर पायात चपला सरकवत होत्या.

"येतो आम्ही, आजोबा," मी म्हटलं, आणि वॉकर सिस्टरांपुढे ठेवला.